पाहुणा संकेतस्थळावर किती वेळ थांबतो: आधी नीट मोजा, मग वाढवा

गोव्यात फोंड्याला माझ्याकडे संकेतस्थळाचं काम घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "लोक येतात, पण थांबत नाहीत." किती थांबतात असं विचारलं की उत्तर येतं, "आकडा कमीच आहे." कुठला आकडा, कोणत्या पानाचा, कोणाकोणाला धरून, यावर मात्र सगळे गप्प. तोवर कोणीतरी त्यांना नवा स्लायडर (सरकती चित्रपट्टी), नवा रंग नाहीतर आपोआप वाजणारा व्हिडिओ बसवून दिलेला असतो.

चूक असते ती क्रमाची. मोजमाप साफ नसताना सुधारणा केली, तर ती लागू पडली की उलटली हेच कळत नाही. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. गुगल ॲनालिटिक्स ४ म्हणजे जीए४ (साइटवर कोण आलं, किती थांबलं हे मोजणारं गुगलचं साधन) धरून लिहितो आहे, कारण होमस्टे, दुकान, क्लास, देवस्थान, बहुतेक सगळ्यांच्या साइटवर तेच बसवलेलं असतं.

टप्पा १: कोणतं घड्याळ वाचताय ते ठरवा

जीए४ मध्ये वेळेचे दोन आकडे दिसतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

'ॲव्हरेज एंगेजमेंट टाइम' म्हणजे तुमचं पान पाहुण्याच्या डोळ्यांसमोर होतं तेवढाच वेळ. त्याने दुसरा टॅब उघडला, फोनवर व्हॉट्सॲपकडे वळला किंवा स्क्रीन बंद केली, की हे घड्याळ थांबतं. 'ॲव्हरेज सेशन ड्युरेशन' भेटीच्या पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंतचा सगळा वेळ धरतं, पान मागे पडून राहिलं तोही. म्हणून हा दुसरा आकडा मोठा आणि सुखद दिसतो. तुम्ही पहिला घ्या आणि कायम तोच घ्या.

त्यातही एक खाच आहे. 'पेजेस अँड स्क्रीन्स' अहवालात हा वेळ प्रत्येक सक्रिय पाहुण्यामागे दिलेला असतो, 'ट्रॅफिक ॲक्विझिशन'मध्ये प्रत्येक भेटीमागे. एकच माणूस तीनदा आला तर दोन्हीकडे वेगळा आकडा येणारच. एका अहवालातला आकडा दुसऱ्यातल्या आकड्याशी ताडून पाहू नका.

'एंगेज्ड सेशन' म्हणजे १० सेकंदांहून जास्त टिकलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा तुम्ही ठरवलेली एखादी महत्त्वाची कृती घडलेली भेट. तीनपैकी एक गोष्ट पुरे. उरलेल्या भेटी म्हणजे बाउन्स, आणि एकूण भेटींत त्यांचं प्रमाण म्हणजे बाउन्स रेट. १० सेकंदांची मर्यादा ६० पर्यंत वाढवता येते, पण वाढवलीत तर तारीख लिहून ठेवा. बदल मागच्या नोंदींना लागू होत नाही.

> थांबा. जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सचे कागद कपाटात असतील तर ते तिथेच राहू द्या. ते १ जुलै २०२३ पासून नोंदी घेईनासं झालं आणि त्याची रीतही वेगळी होती: एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्यातलं अंतर मोजायचं. शेवटच्या पानावरचा वेळ त्याला कळत नसे, आणि एकच पान अगदी मन लावून वाचून गेलेल्याच्या नावावरही शून्य लागे. तो आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

टप्पा २: नोंदीतला कचरा काढा

या टप्प्याला कंटाळून लोक पुढे जातात. माझा अर्धा वेळ मात्र इथेच जातो.

दुहेरी टॅग, म्हणजे मोजणीचा कोड एकाहून जास्त वेळा बसणं. वर्डप्रेसच्या साइटवर एकाने थीमच्या हेडरमध्ये कोड चिकटवलेला असतो, दुसऱ्याने प्लगइन टाकलेलं असतं, तिसऱ्याने टॅग मॅनेजरमधूनही (असे कोड एका जागेवरून बसवायचं गुगलचं साधन) तोच सोडलेला असतो. मग पान एकदा उघडलं तरी नोंद दोनदा होते. आता वर दिलेली व्याख्या आठवा: दोन पानं पाहिली की भेट 'एंगेज्ड'! बाउन्स रेट अचानक शून्याच्या आसपास उतरतो आणि मालक पेढे वाटतो. इतका गोड आकडा दिसला की आधी टॅग तपासा.

*तपासणी:* टॅग असिस्टंट हे गुगलचं तपासणीचं साधन लावून स्वतःचं एक पान उघडा. एका उघडण्याला 'पेज व्ह्यू' एकच दिसायला हवा.

घरचीच माणसं. काउंटरवरच्या संगणकावर स्वतःची साइट दिवसभर उघडी ठेवायची काहींना सवय असते, गिऱ्हाईकाला दाखवायला बरी पडते म्हणून. टॅब समोर आहे तोवर घड्याळ चालू असतं, समोर कोणी बसलेलं असो वा नसो. ॲडमिनमध्ये डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये जाऊन 'इंटर्नल ट्रॅफिक'ची व्याख्या करा, दुकानाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) द्या आणि मग 'डेटा फिल्टर्स'मध्ये फिल्टर 'टेस्टिंग'वरून 'ॲक्टिव्ह' करा. ही दुसरी पायरी राहिली तर काहीच गाळलं जात नाही, आणि ती राहते खूप जणांची.

घरच्या ब्रॉडबँडचा आयपी अधूनमधून बदलतो. त्यामुळे आयपीवर सगळी भिस्त न ठेवता कामाच्या संगणकावर गुगलचं ऑप्ट-आऊट ॲड-ऑनही टाका.

> थांबा. ॲक्टिव्ह फिल्टरने गाळलेली नोंद परत मिळत नाही. आधी काही दिवस 'टेस्टिंग'वर ठेवा, गाळली जाणारी माणसं खरोखर तुमचीच आहेत ना पाहा, मगच चालू करा.

दुसऱ्याच्या अंगणात गेलेला वेळ. खोलीचं बुकिंग दुसऱ्या डोमेनवर, म्हणजे दुसऱ्याच वेबपत्त्यावर, होत असेल, तर तिथे गेलेली पाच मिनिटं तुमच्या खात्यात येत नाहीत. डोमेनं जोडण्याची सोय असेल तर जोडा, नसेल तर निदान हे लक्षात ठेवा. पीडीएफचंही तसंच. फिश थाळीचा मेनू पीडीएफमध्ये टाकला, की पाहुणा तो उघडतो आणि तुमचं घड्याळ बंद पडतं. जीए४ ला एवढंच कळतं की फाइल उघडली. मेनू अर्धा मिनिट पाहिला की चार मिनिटं, ते नाही. मेनू साध्या पानावर आणा. फोनवर चिमटीने मोठा करून वाचायचा त्रासही वाचेल.

व्हॉट्सॲपवरून आलेले. आपल्याकडे निम्मं जग गटांतल्या लिंकवरून येतं आणि जीए४ मध्ये 'डायरेक्ट' म्हणून बसतं. गटात टाकायच्या लिंकला यूटीएम, म्हणजे पाहुणा कुठून आला ते सांगणारी शेपटी, लावा. अक्षरं नेहमी सारखी लिहा. इंग्रजी अक्षर एकदा मोठं आणि एकदा लहान पडलं तर दोन वेगळे स्रोत मोजले जातात. साइटच्या आतल्या लिंकला मात्र यूटीएम कधीच लावू नका, पाहुणा मुळात कुठून आला याची नोंद बिघडते.

जाता जाता दोन गोष्टी: 'डेटा रिटेन्शन' (नोंदी किती काळ ठेवायच्या ते) मुळात २ महिन्यांवर असतं, ते १४ महिन्यांवर न्या, नाहीतर 'एक्सप्लोर' या सविस्तर अहवालांच्या भागात मागचा हंगाम दिसणार नाही. आणि 'एनहान्स्ड मेजरमेंट' (स्क्रोल, बाहेरच्या लिंका वगैरे आपोआप नोंदण्याची सोय) चालू आहे ना बघा. त्यातली स्क्रोलची नोंद पान ९० टक्के खाली गेल्यावरच होते. मधले टप्पे हवे असतील तर ते टॅग मॅनेजरमधून, वेगळ्या नावाने घ्यावे लागतात.

*तपासणी:* हे सगळं झाल्यावर २८ दिवस साइटला हात लावू नका. महिना धरू नका, २८ दिवस धरा. त्यात चार पूर्ण आठवडे बसतात, शनिवार-रविवार कमीजास्त होत नाहीत. या २८ दिवसांचा आकडा तुमची पायारेघ, म्हणजे पुढचे आकडे ताडून पाहायची मूळ रेघ.

टप्पा ३: कुठल्या पानावर किती वेळ योग्य ते लिहून काढा

वेळ वाढला की चांगलं, ही समजूत मीही बाळगून होतो. सत्तरी तालुक्यातल्या एका होमस्टेच्या साइटने ती मोडली, आणि ते काम माझंच होतं. नवी मांडणी करताना वरच्या पट्टीतला फोन नंबर मला डोळ्यांत खुपत होता. तो उचलला आणि तीन रेघांच्या मेनूत, 'संपर्क'च्या आत ठेवला. महिन्याभरात पहिल्या पानावरचा सरासरी वेळ जवळजवळ दुप्पट झाला. मी खूश. होमस्टेच्या काकूंना फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ते असेल रे, पण यंदा फोनच वाजत नाही. नंबर बदललास काय तू?"

भेटींचं रेकॉर्डिंग काढून पाहिलं. एक बोट पान खाली नेत होतं, तळापर्यंत. मग वर. फोटोवर टिचकी, काही नाही. परत खाली. 'आमच्याबद्दल' उघडलं, बंद केलं. पुन्हा तळाला. पावणेदोन मिनिटं असं शोधून माणूस निघून गेला. तेवढा वेळ माझ्या अहवालात 'एंगेजमेंट' म्हणून जमा झाला होता. नंबर त्याच संध्याकाळी वर आणला.

तेव्हापासून मी आधी कागद घेतो आणि साइटवरची पानं दोन ढिगांत वाटतो.

पहिला ढीग वाचायच्या पानांचा: परिसराची माहिती, रेसिपी, माटोळीच्या (चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवाच्या) सामानावरचा लेख, खोल्यांचं वर्णन. दुसरा ढीग काम उरकायच्या पानांचा: पत्ता, दर, पूजेच्या वेळा, फोन नंबर. अभिषेक किती वाजता एवढंच बघायला आलेल्याला १५ सेकंदांत उत्तर मिळालं, तर पान उत्तम चाललंय. तिथे वेळ वाढला तर काळजी करा.

वाचायच्या पानासाठी मोजपट्टी घरचीच घ्या. पान स्वतःच्या फोनवर उघडा, स्टॉपवॉच लावा, सावकाश शेवटपर्यंत वाचा. मग ज्याने ते लिहिलेलं नाही अशा घरातल्या कोणालातरी वाचायला द्या. दोघांना साधारण तीन मिनिटं लागली आणि जीए४ म्हणतं २५ सेकंद, तर लोक पहिल्या परिच्छेदातच निघून जातात. दोन मिनिटं दिसली तर त्या पानाच्या वाटेला जाऊ नका, ते ठीक आहे.

टप्पा ४: सरासरीच्या पोटात काय आहे ते बघा

समजा दहा जण आले. नऊ जण २० सेकंद थांबले, एक जण ४० मिनिटं. बेरीज २,५८० सेकंद, सरासरी ४ मिनिटं १८ सेकंद. म्हणजे जे त्या दहातल्या एकाच्याही वाट्याला आलं नाही, तेच अहवालात छापून येतं! पाहुणे थोडे असलेल्या साइटवर हे नेहमी होतं.

म्हणून आकडा फोडा, याच क्रमाने:

१. मोबाइल आणि संगणक वेगळे करा. संगणकावर बरा आणि मोबाइलवर वाईट असेल, तर दोष बहुधा मजकुरात नाही, वेगात किंवा मांडणीत आहे.

२. लोक ज्या पानावर उतरतात त्याप्रमाणे पाहा, 'लँडिंग पेज' अहवालात.

३. स्रोताप्रमाणे पाहा. इन्स्टाग्रामवरच्या रीलवरून आलेला आणि गुगलवर 'वाळपईजवळ राहण्याची सोय' शोधून आलेला, यांच्याकडून सारख्याच वेळेची अपेक्षा धरणं चूक.

४. शहराप्रमाणे पाहा. ज्या गावाशी तुमचा काही संबंध नाही तिथून शून्य सेकंदांच्या भेटींचा ढीग दिसला, तर ती माणसं नसावीत. ओळखीचे बॉट जीए४ आपोआप वगळतं, अनोळखी शिल्लक राहतात.

मग मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी लावा. ते फुकट आहे, आणि लोक कुठे टिचकी मारतात, कुठे चिडून सात-आठदा मारतात, कुठून परत फिरतात हे प्रत्यक्ष दाखवतं. सगळी रेकॉर्डिंगं पाहायला बसू नका. सर्वांत वाईट पान निवडा, त्याची मोबाइलवरची पंधरा-वीस रेकॉर्डिंगं पाहा, आणि 'कुठे अडलं' एवढंच लिहीत जा. सातव्या-आठव्यापासून तेच तेच दिसू लागतं.

टप्पा ५: आधी वेग

पान उघडायलाच वेळ लागत असेल तर मजकूर सुधारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका आणि मोबाइलचा भाग बघा. मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा, आणि पान हलण्याचा (उघडताना मजकूर जागेवरून सरकण्याचा) आकडा ०.१ च्या आत असावा. चारपैकी तीन भेटींत हे जमलं तर पास. साइट लहान असेल तर खऱ्या पाहुण्यांचा आकडा तिथे येतच नाही, फक्त प्रयोगाचा येतो. अशा वेळी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क 'स्लो ४जी'वर टाकून पाहा. किंवा सरळ सत्तरीत नाहीतर सांगे भागात, नेटवर्कची एकच कांडी येते तिथे उभं राहून साइट उघडा. पणजीतल्या वायफायवर सगळ्याच साइट पळतात.

दोष बहुतेक वेळा फोटोंत सापडतो. फोनमधून काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच चढवलेला असतो. बाराशे पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी (हलक्या फाइलचा प्रकार) करा, रुंदी-उंची कोडमध्ये द्या म्हणजे पान उड्या मारणार नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (पाहुणा तिथवर आल्यावरच फोटो उतरवणं) लावा, पण सर्वांत वरच्या फोटोला लावू नका. अनेक प्लगइनं ते सरसकट लावून मोकळी होतात. पहिल्या पानावरचा स्लायडर काढा. नकाशा आत बसवण्याऐवजी नकाशाची लिंक द्या.

> थांबा. वेग सुधारल्यावर सरासरी वेळ आधी *कमी* होऊ शकतो. पूर्वी जे कंटाळून टॅग सुरू व्हायच्या आतच परतत होते, त्यांची नोंदच होत नव्हती. आता ते मोजले जातात आणि त्यांतले काही लवकर जातात. भेटींची संख्या वाढली का ते सोबत बघा, घाबरून जुनं परत लावू नका.

टप्पा ६: पहिली स्क्रीन आणि मजकूर

फोनवर न सरकवता जेवढं दिसतं, तेवढ्यात पाहुण्याला कळायला हवं की आपण बरोबर ठिकाणी आलो. कोल्हापूर-बेळगावहून कुलदैवताला येणारं कुटुंब देवस्थानाच्या पानावर काय शोधतं? अभिषेक किती वाजता, अग्रशाळेत (देवस्थानाच्या धर्मशाळेत) खोली मिळेल का, महाप्रसादासाठी आधी सांगावं लागतं का, फोंडा बसस्थानकापासून किती लांब. सोळाव्या शतकात देव स्थलांतरित कसे झाले तो इतिहास त्यांना ऐकायचाच असतो, पण खोली पक्की झाल्यावर. क्रम उलटा ठेवला, तर इतिहासही वाचला जात नाही.

जत्रेचा कार्यक्रम जेपीजी चित्र करून टाकू नका. व्हॉट्सॲपला ते चालतं, साइटवर ना ते नीट वाचता येतं ना शोधता.

देवनागरीसाठी काही खास गोष्टी, ज्या इंग्रजी थीम बसवताना हमखास सुटतात:

- मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला नुसती चिन्हं दिसतात.
- अक्षर १७-१८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.७ च्या आसपास. इंग्रजीच्या मापात वेलांट्या आणि उकार एकमेकांना टेकतात.
- अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्य ठेवा. थीमने वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडके दिसतात.
- दोन्ही कडा जुळवू नका. आपले शब्द लांब. फोनच्या अरुंद ओळीत मध्ये भोकं पडतात.
- पानाची भाषा कोडमध्ये मराठी नोंदवा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यामुळेच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

वेळ वाढवण्याच्या नावाखाली एक लेख पाच पानांत कापणं, आल्या-आल्या पॉपअप उघडणं, उत्तर मुद्दाम तळाला नेणं, हे करू नका. आकडा फुगतो आणि माणूस पुन्हा येत नाही.

टप्पा ७: पुढची वाट दाखवा

तळाला 'आणखी वाचा' म्हणून सहा चौकटी लावण्यापेक्षा मजकुरात, प्रश्न पडतो त्याच जागी, एक लिंक द्या. खोलीच्या वर्णनात 'सकाळी तांबडी सुर्ल्याला जाऊन येता येतं' असं वाक्य असेल, तर तिथेच रस्त्याच्या माहितीची लिंक हवी. लिंकचे शब्द असे लिहा, की पलीकडे काय आहे ते कळावं. 'इथे क्लिक करा' नको.

आणि वेळेच्या शेजारी एक खरी कृती मोजा. व्हॉट्सॲपच्या लिंकवरची टिचकी बाहेर जाणाऱ्या लिंकांत नोंदली जाते. त्यातून तेवढीच वेगळी काढून 'की इव्हेंट', म्हणजे टप्पा १ मधली महत्त्वाची कृती, करा. फोन नंबरवरच्या टिचकीसाठी टॅग मॅनेजरमध्ये वेगळा ट्रिगर लावावा लागतो. वेळ वाढला आणि फोन-व्हॉट्सॲप घटले, तर माझ्या सत्तरीच्या साइटसारखं काहीतरी झालेलं आहे.

टप्पा ८: एका वेळी एकच बदल, आणि तुलना सरळ दिवसांशी

एका पानावर एक बदल करा, वहीत तारीख लिहा, २८ दिवस थांबा. फोटो, मथळा आणि मेनू एकदम बदलले तर श्रेय कोणाला द्यायचं ते कळणार नाही. महिन्याला तीस-चाळीसच भेटी असलेल्या पानावरून निष्कर्ष काढू नका. एकाच जातीची पानं एकत्र धरून बघा.

तुलना कोणत्या दिवसांशी करता यावर इथे फार अवलंबून आहे. पर्यटनाच्या साइटवर ऑक्टोबरची तुलना जूनशी केली, की प्रत्येक बदल यशस्वी ठरतो. गेल्या वर्षीचे तेच दिवस घ्यावेत, तर सणांच्या तारखा सरकतात. चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. पूजासाहित्य, मिठाई किंवा माटोळीच्या सामानाची साइट असेल आणि दोन्ही वर्षांचा ऑगस्ट शेजारी ठेवलात, तर एका बाजूला चतुर्थीची सगळी गर्दी येईल आणि दुसऱ्या बाजूला तिची नुसती चाहूल. अशा वेळी महिना विसरा. चतुर्थीच्या आधीचे २८ दिवस या वर्षीचे आणि आधीचे २८ दिवस गेल्या वर्षीचे, असे काढा. जत्रेच्या पानालाही तोच हिशेब: तिथी धरून मोजा आणि वहीत तारखेशेजारी तिथीही लिहा.